हबीस, आरिया, थांब

रविवारी सकाळी पुण्याहून भाचीचा फोन आला. मी गच्चीत मिरचीच्या कुंड्यांतलं तण काढत होतो. गुडघा कसा आहे, मामी काय म्हणते, असलं काहीही न विचारता तिने थेट विचारलं, "मामा, नेतृत्वाविषयी तुझं वैयक्तिक तत्त्वज्ञान काय आहे?"

सत्तरीच्या माणसाला असे प्रश्न अचानक विचारू नयेत. साखर किती, रक्तदाब किती, रात्री किती वेळा उठता, एवढीच उत्तरं आमच्याकडे तयार असतात. मी म्हटलं, "आहे ना, खाली उतरलो की सांगतो." आमच्या जिन्याला सतरा पायऱ्या आहेत आणि मला त्या उतरायला चार मिनिटं लागतात. तेवढ्यात एखादं तत्त्वज्ञान सुचेल असा हिशेब होता. शेवटच्या पायरीपर्यंत फक्त एवढंच सुचलं, की कठड्याला तेलपाणी करायला झालंय.

तिला एमबीएचा प्रवेशअर्ज भरायचा होता. त्यात एक रकाना होता : आपलं नेतृत्वाचं तत्त्वज्ञान 500 शब्दांत लिहा. वय वर्षं तेवीस. आजवर तिने नेतृत्व केलं ते एका सहलीचं, आणि ती सहल बस चुकल्यामुळे झालीच नाही. म्हणून ती माझ्याकडे वळली होती. "तू भिलाईच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढलीस ना? तुझ्या हाताखाली किती माणसं होती?"

"खूप होती," मी म्हटलं. आणि ते खोटं नव्हतं. मी क्रेन चालवायचो. शेडच्या छताखाली, शिडी चढून जायच्या केबिनमध्ये बसायचो. सगळं खातं माझ्या हाताखालीच असायचं, अगदी अक्षरशः. ऐकावं मात्र मला त्यांचं लागे. हा दुसरा भाग मी फोनवर सांगितला नाही. "दोन दिवस दे, विचार करून सांगतो," असं म्हणून फोन ठेवला.

विचार करायला मोहन नगर ही जागा वाईट नाही. मुळात आमचं मोहन नगर भिलाईत धरायचं की दुर्गात, यावरच इथे दोन पिढ्या विचार करताहेत. दोन्ही शहरं एकमेकांत अशी मिसळली आहेत की पत्त्यावर काहीही लिहा, पत्र येतं. फक्त कुरियरवाला पोरगा फोनवर दोनदा विचारतो. इथे नेतृत्वाचाही तुटवडा नाही. कुठल्याही पानठेल्यावर संध्याकाळी उभे राहा, देश चालवू शकतील अशी तीन-चार माणसं सहज मिळतील. अनुयायी मिळणं मात्र कठीण. भिलाईला लोक 'मिनी भारत' म्हणतात. वडील 1958 साली वर्ध्याहून इथे आले तेव्हा शेजारी एक तेलुगू, एक पंजाबी आणि एक मल्याळी होता. पलीकडच्या वसाहतीत रशियन इंजिनीअर राहायचे. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. वडील सांगायचे, एवढ्या भाषांच्या माणसांना एकत्र बांधणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे भोंगा. तो कुठल्याच भाषेत वाजत नसे आणि सगळ्यांना कळे.

असो. मी पुस्तकांच्या कपाटाकडे वळलो. आपल्या लोकांची पद्धत अशी, की व्यवहारातली अडचण आली की दासबोध काढायचा. अकराव्या दशकात महंताची लक्षणं सांगितली आहेत हे मला माहीत होतं. माणसं कशी जोडावी, काम कसं वाटून द्यावं, आपण मागे कसं राहावं, हे सगळं समर्थांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे, आणि तेही प्रवेश-शुल्क न घेता. पण वडिलांची खूण दुसऱ्या दशकात होती. पोथी उघडली ती मूर्खलक्षणांवर.

उघडलीच आहे तर बघू, म्हणून पेन्सिल घेतली. निम्म्याच्या पुढे खुणा झाल्यावर पेन्सिल ठेवून दिली. त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खाची लक्षणं आहेत; ती मला लागू नाहीत एवढंच समाधान. तितका मी पढलेलो नाही.

आमच्या कपाटात दासबोध दोन आहेत, एक मराठी आणि एक हिंदी. हिंदी अनुवाद माधवराव सप्र्यांचा. छत्तीसगडात वाढलेल्या मराठी माणसाला हे नाव घरातल्यासारखं. 1900 साली त्यांनी पेंड्रासारख्या आडगावातून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढलं. पुढे नागपूरहून 'हिंदी केसरी' चालवला. टिळकांचं म्हणणं हिंदीत आणल्याबद्दल 1908 साली राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. आणि मग ती गोष्ट घडली, जी पुढाऱ्यांच्या चरित्रात सहसा गाळली जाते. घरच्यांचा, विशेषतः थोरल्या भावाचा, दबाव इतका वाढला की त्यांनी माफीपत्रावर सही केली आणि ते सुटले.

सुटल्यावर त्यांनी खुलासे छापले नाहीत, परिस्थिती कशी होती यावर व्याख्यानं दिली नाहीत. ते रामदासी पंथाच्या आश्रयाला गेले, मधुकरी मागून राहिले आणि दासबोध हिंदीत आणायला बसले. नंतर टिळकांचं गीतारहस्यही त्यांनीच हिंदीत आणलं. ज्या माणसाच्या लेखणीने माफीनाम्यावर सही केली, त्याच लेखणीकडून त्याने हे सगळं फेडून घेतलं. माझ्या मनात नेहमी येतं, की महंताची लक्षणं हिंदीत उतरवताना या गृहस्थाचा हात काही ठिकाणी थबकला असेल. लक्षणं लिहिणं सोपं; एखाद्या लक्षणापाशी आपण कमी पडलो हे माहीत असताना ते लिहिणं अवघड.

"अहो," आतून आवाज आला, "पोरीने पाचशे शब्द मागितलेत. कीर्तन नाही मागितलं."

खरं होतं. मी पुस्तक मिटलं आणि स्वतःच्या नेतृत्वाचा इतिहास आठवू लागलो. तो फार मोठा नाही. चौथीत मी आठ दिवस वर्गाचा मॉनिटर होतो. बोलणाऱ्या मुलांची नावं फळ्यावर लिहायची होती. मी इतक्या निष्ठेने लिहिली की गुरुजी आले तेव्हा फळ्यावर सगळा वर्ग होता आणि खाली माझंही नाव होतं, कारण नावं विचारताना मीही बोललो होतो. त्यानंतर थेट गेल्या वर्षी मी गल्लीच्या गणेशोत्सव समितीचा अध्यक्ष झालो. निवड बिनविरोध झाली. ज्या बैठकीत ती झाली, त्या बैठकीला मी नव्हतो.

अध्यक्ष झाल्याचं मला बॅनरवरून कळलं. त्यावरचा माझा फोटो पेन्शनच्या कागदांसाठी काढलेला होता. त्यातून मी जिवंत आहे एवढंच सिद्ध होत होतं. पण लोक नमस्कार करू लागले. मांडवात माझ्यासाठी हातांची खुर्ची आली. आणि मला चार रागी मिळाले.

रागी म्हणजे काय हे पुण्याच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्याकडे पंडवानी असते, म्हणजे छत्तीसगडी बोलीत गायलेली आणि सांगितलेली महाभारतकथा. तीजनबाई त्यातल्या सर्वांत मोठ्या. गनियारी गावात जन्मलेल्या, भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरी केलेल्या, आणि 2019 साली पद्मविभूषण झालेल्या. पंडवानीची जी शैली बाईने उभ्याने गायची नाही असा रिवाज होता, तीच त्यांनी हातात तंबुरा घेऊन उभ्याने गायली. तो तंबुरा कधी भीमाची गदा व्हायचा, कधी अर्जुनाचा रथ. अशा कथेकऱ्याच्या शेजारी एक साथीदार बसतो, तो रागी. तो दर वाक्याला हुंकार देतो, 'हव' म्हणतो. पण चांगला रागी नुसता होकार देत नाही. तो मध्येच शंका काढतो, पुढे काय झालं म्हणून टोकतो, कथेकऱ्याला जमिनीवर ठेवतो. तो नसेल तर भीम गदा फिरवतच राहील आणि कथा पुढे सरकणार नाही.

माझे रागी फक्त 'हव' म्हणत. मी म्हटलं मांडवाचं तोंड पूर्वेला, हव. मी म्हटलं आरती साडेसातला, हव. तिसऱ्या दिवशी मी चुकून म्हटलं की मोदकांऐवजी अनरसे ठेवू, तरी हव. भाद्रपदात अनरसे! घरी हेच वाक्य मी उच्चारलं असतं तर ते पूर्ण झालं नसतं. आठ दिवसांत मला वाटू लागलं, की मला खरोखरच बऱ्याच गोष्टी कळतात.

आता क्रेनचं सांगतो, कारण उत्तर शेवटी तिथेच सापडलं.

कारखान्यातली क्रेन दोन रुळांवर शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावते. केबिनमध्ये बसलेल्या माणसाच्या हाताशी सगळी ताकद असते. एक दांडा ओढला की कित्येक टनांचा तुकडा पिसासारखा वर जातो. नवखा असताना मला याचा फार तोरा होता. तो दोन दिवसांत उतरला. कारण वरून सगळं दिसतं हा गैरसमज आहे. वरून माणसांची हेल्मेटं दिसतात, चेहरे दिसत नाहीत. उचललेला माल दिसतो, त्याच्या आड काय आहे ते दिसत नाही. साखळी नीट बसली का, कोणाचा हात मध्ये आहे का, माल टेकायला चार बोटं उरली की एक बोट, यातलं काही वरून कळत नाही. आणि आवाज तर इतका, की हाकेचा उपयोग शून्य.

म्हणून खाली खलासी असतो. त्याच्याकडे दांडा नाही, बटण नाही, केबिन नाही. दोन हात आहेत. बोट वर करून फिरवलं की 'हबीस', म्हणजे उचल. बोट खाली करून फिरवलं की 'आरिया', म्हणजे उतरव. हे शब्द बंदरांवरून, जहाजांवरच्या खलाशांबरोबर समुद्रापासून इतक्या आत आले. त्यातला 'आरिया' तर मुळात पोर्तुगीज. गोव्याच्या बाजूने आलेला शब्द भिलाईत लोखंड उतरवतो आणि त्यावर कोणी आंदोलन करत नाही, ही मला आपल्या देशाची एक मोठी जमेची बाजू वाटते.

माझा पहिला खलासी माझ्याहून वीस वर्षांनी मोठा होता, राजनांदगावकडचा. घरून डब्यात बासी आणायचा, म्हणजे रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात, बरोबर कांदा आणि मीठ. पगारपत्रकात तो माझ्या खाली होता. पण खूण करण्याआधी तो काय करायचा हे मी पस्तीस वर्षं विसरलो नाही. तो आधी चालायचा. मालाभोवती एक पूर्ण फेरी मारायचा. मग अशा जागी उभा राहायचा, जिथून त्याला माल दिसेल आणि मला तो दिसेल. दोन्ही दिसत नसेल तर जागा बदलायचा. आणि मगच हात वर करायचा. त्याने मला एकच गोष्ट दोनदा सांगितली होती : 'मैं न दिखूँ, तो मत हिलाना.' मी दिसलो नाही, तर हलवू नकोस.

या धंद्याचे दोन नियम आहेत. पहिला असा, की क्रेनला खुणा एकानेच करायच्या. दहाजणांनी दहा हात हलवले तर माल कोणाच्या तरी डोक्यावर उतरतो. हा नियम सगळ्यांना पटतो, विशेषतः पुढाऱ्यांना. पण लगेच दुसरा नियम येतो, आणि तो पहिल्याइतकाच पक्का आहे. 'थांब'ची खूण कोणीही करू शकतो. हात आडवा करून हलवला की थांबायचं. करणारा खलासी असो, चहावाला पोरगा असो, काल लागलेला शिकाऊ असो. तुझा काय संबंध, असं विचारायचं नाही. आधी थांबायचं, मग विचारायचं.

उचलायला एकाचा शब्द, थांबवायला कोणाचाही. मी अनेक राज्यघटना वाचलेल्या नाहीत, पण याहून आटोपशीर घटना असेल असं वाटत नाही.

हा दुसरा नियम वर बसलेल्यांना फार अवघड जातो, हे इथल्या मातीने पाहिलं आहे. दल्ली-राजहऱ्याच्या खाणीतून भिलाईला लोहखनिज येतं. तिथल्या कंत्राटी मजुरांना 1977 साली शंकर गुहा नियोगींनी संघटित केलं. ते स्वतः कधीकाळी भिलाईच्या कोक भट्टीत काम केलेले. संप म्हणजे काय, खालच्याने केलेली 'थांब'ची खूण. पण नियोगी नुसतं थांबवून थांबले नाहीत. 'संघर्ष और निर्माण' हे त्यांचं सूत्र होतं. दारू सोडवण्याची मोहीम काढली, शाळा काढल्या, आणि 1983 साली मजुरांच्या वर्गणीतून आणि श्रमातून दल्ली-राजहऱ्यात शहीद अस्पताल उभं राहिलं. ते आजही चालतं. थांब आणि हबीस दोन्ही खुणा ज्याला येत होत्या, असा तो माणूस. 28 सप्टेंबर 1991 रोजी भिलाईत ते झोपेत असताना त्यांना गोळी घालण्यात आली. त्या आठवड्यात आम्ही क्रेनवाले आणि खलासी डबा खाताना एकमेकांशी फारसं बोललो नाही, एवढं मला आठवतं.

आता पुन्हा माझ्या अध्यक्षपदाकडे येतो. ते फार लहान पद आहे, पण गोष्ट तिथेच घडली.

अनंत चतुर्दशीच्या रात्री आम्ही मूर्ती घेऊन शिवनाथ नदीवर गेलो. मूर्ती दहा फुटी. उतरवायला हायड्रा क्रेन आली होती, वर पंचविशीतला चालक. मी म्हटलं, खुणा मी करणार. चारही रागी म्हणाले, हव. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मी क्रेनसमोर उभा होतो, आणि तेही खलाशाच्या जागी. ढोल वाजत होते, गुलाल उडत होता, मोबाइलचे दिवे माझ्यावर होते. मी हात वर केला आणि बोट फिरवलं. मूर्ती सरळ उचलली गेली. पुढे सरकली. मी बोट खाली केलं. आरिया.

तेवढ्यात माझ्या डाव्या बाजूने एक पोरगा ओरडला, "बबा, रुक! रुक!"

नऊ-दहा वर्षांचा असेल. गल्लीतला की नाही हेही मला माहीत नव्हतं. आणि मी काय विचार केला ते प्रामाणिकपणे सांगतो. मी म्हणणार होतो, "गप रे." शब्द ओठावर आला होता. मी अध्यक्ष, पस्तीस वर्षांचा क्रेनवाला, हा कोण कालचा पोर! डोक्याने एवढा सगळा विचार केला. पण हात डोक्यासाठी थांबला नाही. तो आपोआप आडवा झाला. चालकाने ब्रेक मारला. मूर्ती हवेत झुलत राहिली.

मूर्तीच्या पलीकडून, बरोबर खालून, आमचे खजिनदार सरळ उभे राहिले. त्यांच्या धोतराच्या ओच्यात सात नारळ होते. लोकांनी वाहिलेले नारळ वाया जाऊ नयेत म्हणून ते वाकून गोळा करत होते. समितीचा हिशेब त्यांनी नेहमीच नेकीने ठेवला आहे. तो ठेवता ठेवता त्या रात्री त्यांचाच हिशेब मिटला असता. मला ते दिसले नव्हते. कारण मी मालाभोवती फेरी मारली नव्हती. अध्यक्षाने कशाला चालायचं? समोर उभं राहिलं की फोटो चांगला येतो.

विसर्जन नीट झालं. नारळांचा प्रसाद दुसऱ्या दिवशी वाटला. त्या पोराला मी शोधलं आणि एक अख्खा नारळ दिला. त्याला त्याचं विशेष काही वाटलं नाही. त्याने फक्त विचारलं, "तुमन मोर बात काबर मानेव?" तुम्ही माझं का ऐकलंत? मला उत्तर आलं नाही. मोठी माणसं आपलं ऐकतात याचं त्याला जे नवल वाटलं, ते माझ्या पोटात काही दिवस रुतून बसलं.

छत्तीसगडीत वडीलधाऱ्या शहाण्या माणसाला 'सियान' म्हणतात. गावात काही अडलं की सियानाला विचारतात. इतकी वर्षं मला वाटायचं, केस पिकले की माणूस आपोआप सियान होतो. त्या रात्री शिवनाथच्या काठावर जो काही सियानपणा झाला तो नऊ वर्षांच्या पोराने केला. माझ्या वाट्याचं श्रेय फार तर माझ्या उजव्या हाताचं.

दोन दिवसांनी भाचीला फोन केला आणि म्हटलं, लिहून घे. नेतृत्व करायचं असेल तर आधी मालाभोवती फेरी मारावी. मग अशा जागी उभं राहावं जिथून काम दिसेल आणि काम करणाऱ्यांना आपण दिसू. खूण एकच करावी, स्पष्ट करावी. आणि कोणीही 'थांब' म्हटलं तर थांबावं, मग कारण विचारावं.

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "मामा, हे पन्नास शब्दसुद्धा नाहीत. मला पाचशे हवेत."

"मग त्यात नारळ घाल," मी म्हटलं.

परवा यंदाच्या उत्सवाची बैठक झाली. गेल्या वेळचा धडा लक्षात ठेवून मी मुद्दाम हजर राहिलो, अगदी पुढच्या रांगेत. अध्यक्षपदासाठी माझं नाव सुचवलं गेलं तसा मी ताडकन उभा राहिलो, उजवा हात आडवा केला आणि चांगला जोरात हलवला. कारखान्यात एवढ्यावर शंभर टनी क्रेन थांबली असती.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, मी आभार मानतोय.